बैठकीपासून पडद्यापर्यंत

मोजपट्टीचं टोक सोफ्यावर बसलेल्या मावशीच्या कपाळापाशी धरलं आणि पट्टी उलगडत समोरच्या भिंतीपर्यंत गेले. डोंबिवलीतला तिचा हॉल दहा बाय बाराचा. इकडे सोफा, काटकोनात दिवाण, समोर भिंतभर शोकेस आणि तिच्या मधल्या खणात महिन्याभरापूर्वी कायमचा बंद पडलेला एकवीस इंची पेटीवजा टीव्ही. “अगं, दसरा चार दिवसांवर आलाय. दुकानात जायचं सोडून माझं डोकं काय मोजतेस?” मावशी म्हणाली. पट्टी आठ फूट चार इंच दाखवत होती. शोकेस भिंतीपासून सव्वा फूट पुढे आलेली. म्हणजे टीव्ही खणात ठेवला तर डोळ्यांपासून सात फुटांवर आणि भिंतीवर टांगला तर आठ फुटांवर. दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि काकांना म्हटलं, “काका, तुमचा निम्मा टीव्ही इथेच ठरला.”

मला तसं मनापासून वाटतं. टीव्ही घ्यायचा म्हटलं की आपण थेट दुकान गाठतो. तिथे रांगेने पन्नास पडदे लावलेले असतात, सगळ्यांवर तेच भडक रंगांचे पक्षी आणि फुलं, आणि विक्रेता एकेका चिठ्ठीवरचे आकडे वाचून दाखवत असतो. डोळे दिपतात, आणि दिपलेल्या डोळ्यांनी आपण पाच-दहा हजार जास्त मोजून बाहेर पडतो. ते जास्तीचे पैसे घरी आल्यावर कुठे दिसतच नाहीत, कारण ते दिसायला जेवढं जवळ बसावं लागतं तेवढं जवळ घरात कुणीच बसत नसतं. आपल्याकडे टीव्ही आठ-दहा वर्षं वापरायचा म्हणून घेतात. त्याची निवड घरात, बसायच्या जागेपासून सुरू व्हायला हवी.

हाय डेफिनिशन ही कल्पनाच मुळात अंतराच्या हिशोबातून आली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेतल्या संशोधकांनी पुढच्या पिढीच्या टीव्हीवर काम सुरू केलं. चित्र मोठं हवं, जवळून पाहता यायला हवं, पण त्यातल्या आडव्या रेघा डोळ्याला टोचता कामा नयेत, हे त्यांचं उद्दिष्ट. बरीच वर्षं माणसांना पडद्यासमोर बसवून ते ज्या मापावर पोचले ते सोपं आहे : प्रेक्षक चित्राच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसेल असं धरायचं. त्या अंतराला पुरतील म्हणून त्यांनी ११२५ ओळींची पद्धत आखली. आज आपण ज्याला फुल एचडी म्हणतो, त्या १०८० ओळी त्याच घराण्यातल्या.

तिप्पटच का, याचं उत्तर आपल्या डोळ्यात आहे. नेत्रतज्ज्ञ ज्या नजरेला ६/६ म्हणतात, ती नजर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखू शकते. दोन ठिपके त्याहून जवळ आले की डोळ्याला ते एकच वाटतात. आता हे पडद्याला लावून बघू. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर. फुल एचडीत त्या रुंदीत १९२० ठिपके, म्हणजे पिक्सेल, बसतात. एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. साडेपाच फुटांच्या मागे सरकलात की निरोगी डोळ्याला हे पिक्सेल सुटे दिसत नाहीत, आणि हे अंतर चित्राच्या उंचीच्या जवळपास तिप्पटच भरतं. मग त्याच ४३ इंचांत चौपट पिक्सेल कोंबलेला ४के पडदा आणला, तर आठ फुटांवरून मावशीला त्यात काय जास्त दिसणार? काहीच नाही. ४के चा पुरेपूर बारकावा त्या मापाच्या पडद्यावर पाहायचा तर तीन फुटांच्या आत बसावं लागेल.

हेच गणित ३२ इंची टीव्हीला लावा. त्यात आपल्याकडे मुख्यतः १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा ‘एचडी रेडी’ पडदा मिळतो. पिक्सेल सुटे दिसायची हद्द जेमतेम पावणेसहा फूट. त्यापलीकडे बसणाऱ्याला एचडी रेडी आणि फुल एचडी यांत फरक कळत नाही, म्हणून झोपायच्या खोलीत पलंगापासून सात-आठ फुटांवर टांगायच्या ३२ इंची टीव्हीसाठी फुल एचडीचे वेगळे पैसे मोजू नयेत. फुल एचडीच्या ५५ इंची पडद्याला ही हद्द सात फुटांवर जाते आणि ६५ इंचीला साडेआठ फुटांच्या जवळ. तिथे मात्र ४के ला अर्थ आहे. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ४३ इंचांत आता बहुतेक टीव्ही ४केच येतात, निव्वळ फुल एचडी शोधायला गेलं तर निवड आखडते. तेव्हा ४के टाळा असं माझं म्हणणं नाही. दोन टीव्हींमध्ये पारखताना त्या एका शब्दावर भुलून जास्तीचे पैसे देऊ नका, एवढंच सांगणं आहे.

इंचांचाही एक घोळ समजून घेण्यासारखा आहे. टीव्हीचं माप कर्णावर मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. जुन्या पेटीच्या टीव्हीची रुंदी-उंची ४ ला ३ या प्रमाणात होती, आताचा पडदा १६ ला ९. त्यामुळे नवा पडदा रुंदीला वाढतो तेवढा उंचीला वाढत नाही. ३२ इंची पडद्याची उंची पावणेसोळा इंच भरते, म्हणजे जुन्या २५-२६ इंची टीव्हीएवढीच. एकवीसवरून बत्तीसवर गेलो म्हणजे दीडपट मोठं चित्र मिळेल अशा हिशोबाने लोक घेतात आणि मग बातमीदाराचा चेहरा फारसा मोठा का झाला नाही, हे त्यांना कळत नाही.

यावर मला ठाऊक असलेला उत्तम उपाय रद्दीतला आहे. वर्तमानपत्राची पानं एकमेकांना चिकटवून ४३ इंचीसाठी साडेसदतीस बाय एकवीस इंचांचा आयत कापायचा. ३२ इंचीसाठी अठ्ठावीस बाय सोळा, ५५ साठी अठ्ठेचाळीस बाय सत्तावीस. तो भिंतीला चिकटपट्टीने लावायचा आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवायचा. मावशीकडे आम्ही तिन्ही लावून पाहिले. ५५ इंची कागद खिडकीच्या पडद्यावर गेला, ते तिला पहिल्याच मिनिटाला नको झालं. ३२ चा कागद शोकेसच्या खणात बसत होता, पण सोफ्यावरून बघताना काका म्हणाले, “एवढा खर्च करायचा आणि बातम्यांची पट्टी पुन्हा चष्मा पुसूनच वाचायची होय?” ४३ चा कागद खणात मावेना. शेवटी शोकेसचा मधला भाग सुताराकडून काढून टीव्ही भिंतीवर टांगायचं ठरलं. हा सुताराचा खर्च टीव्हीच्या खर्चातच धरायला लागतो. दुकानात आधी पोचलो असतो तर हा खर्च टीव्ही घरी आल्यावर उपटला असता.

उंचीही त्याच वेळी ठरवावी. टीव्ही म्हणजे भिंतीवरची तसबीर नव्हे, पण बहुतेक घरांत तो तसबिरीच्या उंचीवर टांगलेला दिसतो, आणि तासभर मालिका पाहिली की मान अवघडते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चाळीस इंचांवर असतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास यावा. घरातली माणसं खाली बैठक मारून जेवता जेवता बघत असतील तर अजून थोडा खाली आणावा.

दुसरा अर्धा टीव्ही ठरतो तो आपण त्यात काय सोडणार यावर. इथे माझ्या आत्याची गोष्ट सांगते. इस्लामपूरजवळच्या तिच्या घरी मुलाने हौसेने ५५ इंची ४के टीव्ही पाठवला. आठवड्याने फोन केला तर आत्या म्हणाली, “चांगला हाय टीव्ही, पण माणसं सगळी सुजल्यागत दिसत्यात.” सुट्टीत गेले तेव्हा बघितलं, खरंच सगळे चेहरे आडवे पसरलेले आणि कडा विरघळल्यासारख्या. दोन गोष्टी घडल्या होत्या. तिच्याकडच्या केबलच्या पेटीतून काही वाहिन्या जुन्या ४ ला ३ चौकटीतच येत होत्या आणि टीव्ही त्यांना ओढून सगळा पडदा भरत होता. रिमोटवर चित्राचा आकार बदलला तशी माणसं पुन्हा बांध्यात आली, फक्त दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या. दुसरा प्रश्न मात्र रिमोटने सुटणारा नव्हता.

साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचं पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचं असतं. हे माप दूरदर्शनने पूर्वीपासून वापरलेल्या ६२५ ओळींच्या पद्धतीतून आलेलं आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा हीच पद्धत होती, १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वर्षी रंग आले तेव्हाही हीच. ६२५ पैकी प्रत्यक्ष चित्राच्या ओळी ५७६. आता गुणाकार करा : एसडी चित्रात चार लाख चौदा हजार पिक्सेल, फुल एचडी पडद्यावर बरोबर त्याच्या पाचपट आणि ४के पडद्यावर बरोबर वीसपट. म्हणजे आत्याच्या टीव्हीला हातात आलेल्या एका पिक्सेलवरून वीस पिक्सेल रंगवायचे होते. उरलेले एकोणीस तो शेजारपाजार बघून अंदाजाने भरतो. हे अंदाज महागड्या टीव्हीत बरे असतात आणि स्वस्त मोठ्या टीव्हीत ओबडधोबड. म्हणून ज्या घरात प्रामुख्याने एसडी वाहिन्या किंवा फ्री डिश बघितली जाते, तिथे मोठा ४के पडदा हे चित्र बिघडवण्याचं साधन ठरतं. तिथे ३२, फार तर ४० इंच पुरेत.

आपल्याकडे दूरदर्शनने एचडी प्रसारण २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल खेळांपासून सुरू केलं. आज मराठीतल्या प्रमुख मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या आहेत, पण त्या आपोआप दिसत नाहीत. सेट टॉप बॉक्स एचडीचा लागतो, तो टीव्हीला तीन रंगांच्या जुन्या वायरींनी न जोडता एचडीएमआय वायरने जोडावा लागतो आणि वाहिन्यांच्या यादीत एचडी आवृत्ती वेगळी घ्यावी लागते, तिचे पैसे महिन्याला जास्त पडतात. या तिन्हींपैकी एक जरी चुकलं तरी नव्या टीव्हीवर जुनंच चित्र दिसतं. आत्याकडे आम्ही केबलवाल्याला बोलावून पेटी बदलून घेतली, तिच्या रोजच्या चार वाहिन्या एचडीत घेतल्या, बाकीच्या साध्याच राहू दिल्या. मालिकेतल्या पैठणीचा काठ ओळखू यायला लागला तेव्हा तिचा राग गेला. इंटरनेटवरून बघणाऱ्यांनी आपल्या जोडणीचा वेग पाहावा. फुल एचडीला सेकंदाला ५ मेगाबिट पुरतात, ४के ला १५ तरी लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी ४के साठी वरच्या दराची वर्गणी भरावी लागते. ती भरायची नसेल तर तो हिशोबही आजच करावा.

एवढं झाल्यावर दुकानात जावं, आणि तिथे मुख्यतः पॅनेल बघावं. चित्राचा दर्जा पिक्सेलच्या संख्येपेक्षा पॅनेलवर जास्त अवलंबून असतो, आणि चिठ्ठीवर त्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिलेलं असतं. ‘एलईडी टीव्ही’ हा शब्द फसवा आहे. चित्र घडवतो तो एलसीडीचाच पडदा. एलईडी म्हणजे त्याच्या मागे लावलेले दिवे. क्यूएलईडी म्हणजेही तोच एलसीडी, फक्त मागच्या प्रकाशाचा रंग जास्त शुद्ध करणारा एक थर मधे घातलेला. ओएलईडी खरोखर वेगळा, त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो, म्हणून काळा रंग काळाच राहतो. पण तो आपल्या खर्चाच्या कक्षेबाहेरचा.

टीव्हीच्या एलसीडीत मुख्यतः दोन घराणी आहेत, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद असतो, उजेड आणि अंधार यांतला फरक तीन हजाराला एक किंवा त्याहूनही जास्त. आयपीएसमध्ये तो हजाराला एकच्या आसपास, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगात काळ्याच्या जागी करडी झाक दिसते. पण आयपीएसचं चित्र बाजूने बघितलं तरी टिकतं, व्हीएचं बाजूने फिकं पडतं. अंधार करून समोरासमोर बसून सिनेमा बघणाऱ्या जोडप्याला व्हीए चांगला. आपल्या घरांत मात्र एक जण दिवाणावर, दोघं खाली, एक जण स्वयंपाकघराच्या दारात आणि ट्यूबलाइट चालू. अशा घराला आयपीएस जास्त मानवतो, आणि दुकानदार काळ्या रंगाचं कितीही कौतुक करो, मी माझ्या माणसांना तोच सुचवते.

चिठ्ठीवर घराणं लिहिलेलं नसलं तरी ओळखता येतं. मावशीबरोबर दुकानात गेले तेव्हा विक्रेत्याला म्हटलं, “दादा, हे पक्ष्यांचं चित्र बंद करा आणि साधी बातम्यांची वाहिनी लावा.” तो थोडा नाराज झाला, पण त्याने लावली. मग मावशीला पडद्यासमोर उभं केलं आणि हळूहळू उजवीकडे सरकत जायला सांगितलं. नजर निवेदिकेच्या गालावर ठेवायची. तीन पावलं, चार पावलं. पहिल्या टीव्हीत चौथ्या पावलाला गाल पांढुरका पडला, जणू पावडरचा थर चढला. दुसऱ्यात शेवटच्या पावलापर्यंत कातडीचा रंग कातडीचाच राहिला. तो दुसरा टीव्ही पहिल्यापेक्षा अडीच हजारांनी स्वस्त होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर कमी शब्द होते.

माणसाचा चेहरा ही टीव्हीची सगळ्यांत कठोर परीक्षा आहे, कारण हिरवा पोपट खरा किती हिरवा होता ते कुणालाच माहीत नसतं, पण चेहऱ्याचा रंग चुकला की लगेच कळतं. म्हणून घरच्या एखाद्या माणसाचा, घरच्याच दिव्यात मोबाइलवर घेतलेला मिनिटभराचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घालून न्यावा. दुकानदाराने टीव्हीला तो लावू दिला तर त्याच्याकडूनच घ्यावा असं मला वाटतं. शक्य असेल तर एकदा पडदा पूर्ण काळा करून कोपऱ्यांतून उजेड गळतोय का तेही बघावं.

चिठ्ठीवरच्या बाकी शब्दांवर मी फार थांबणार नाही. एचडीआर म्हणजे चित्रातला लख्ख उजेड आणि गडद सावली दोन्ही एकाच वेळी दाखवायची पद्धत. ती दिसायला पडद्याची उजळण्याची ताकद लागते, जी निट या एककात मोजतात. सामान्य बजेटमधले टीव्ही २५० ते ३०० निटचे असतात, आणि तेवढ्यात एचडीआरची पाटी असली तरी परिणाम दिसत नाही. खोलीत समोर खिडकी असेल तर मात्र निट किती हे जरूर विचारावं, कारण दुपारचा सामना बघताना तीच ताकद कामी येते. हर्ट्झचंही तसंच. ६० हर्ट्झचं पॅनेल आपल्याकडच्या प्रसारणाला पुरतं, कारण भारतातलं टीव्ही प्रसारण सेकंदाला ५० च्या तालावर चालतं. त्यापुढे कुठे शेकड्यांत आकडा लिहिलेला दिसला तर तो बहुधा पॅनेलचा मूळ वेग नसून कंपनीने स्वतःच्या पद्धतीने काढलेला आकडा असतो.

स्मार्टपणाचा भाग वेगळा काढून विचार करावा. टीव्हीचा पडदा दहा वर्षं टिकतो, पण त्यातला छोटा संगणक चार-पाच वर्षांत मंदावतो. १ जीबी रॅम असलेले संच पहिल्या वर्षीच अडखळायला लागतात, दीड-दोन जीबी असेल तर बरं. ओळखीच्या ॲपची परवानाधारक आवृत्ती चालते का, हे स्वतः सुरू करून बघावं. काही अगदी स्वस्त टीव्हींमध्ये ॲप दिसतं, पण चित्र एचडीत येत नाही. पुढे टीव्ही मंद झाला तर तो बदलायची गरज नसते. मागे एचडीएमआयच्या भोकात बसणारी तीन-चार हजारांची स्टिक लावली की काम होतं. त्यासाठीच एचडीएमआयची भोकं तीन असावीत : एक सेट टॉप बॉक्सला, एक स्टिकला, एक मोकळं.

आवाजाबद्दल मात्र थांबते, कारण त्याने घरातल्या वयस्कर माणसांचा टीव्ही अक्षरशः हिरावला आहे. जुन्या पेटीच्या टीव्हीत जागा होती, स्पीकर पुढे तोंड करून बसलेले असत. आताच्या बोटभर जाडीच्या टीव्हीत ते खालच्या बाजूला जमिनीकडे तोंड करून असतात. आवाज आपटून, फिरून कानाशी येतो. पार्श्वसंगीत भरपूर ऐकू येतं आणि नेमका संवाद हरवतो. काका आवाज वाढवतात, मावशी कमी करते, हे भांडण मी अनेक घरांत पाहिलं आहे. वीस वॅट लिहिलंय की तीस, याने फार फरक पडत नाही. दुकानात आवाज अगदी कमी ठेवून, डोळे मिटून निवेदकाचे शब्द कळतात का ते ऐकावं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी पडद्यात दोन पैसे कमी घालून साडेतीन-चार हजारांचा साधा साउंडबार घ्यावा. तो टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय भोकातून जोडला की एकाच रिमोटवर चालतो. माझ्या मते चाळीस हजारांच्या आतल्या खरेदीत हा सगळ्यांत सार्थकी लागणारा खर्च आहे.

किमतीचा एक धागा करात अडकलेला आहे. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्यांवर २८ टक्के. ३२ आणि ४३ यांच्या किमतीत जी दरी दिसायची तिच्यात या दहा टक्क्यांचाही वाटा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्याच मापांना १८ टक्के लागू झाले. कराआधी वीस हजार किंमत असलेला टीव्ही पूर्वी पंचवीस हजार सहाशेला पडायचा, आता तेवीस हजार सहाशेला. त्यामुळे ‘बत्तीसच घ्या, तोच परवडतो’ हा जुना सल्ला आता पुन्हा तपासून घ्यायला हवा. विजेच्या बिलाचा मात्र बाऊ करू नये. ४३ इंची टीव्ही साधारण सत्तर वॅट खातो. रोज पाच तास लावला तर वर्षाला सव्वाशे-दीडशे युनिट होतात. तारांकित चिठ्ठीवर वर्षाचे युनिट छापलेलेच असतात, दोन संचांचे आकडे शेजारी ठेवून बघावेत.

वॉरंटीबाबत मी स्वतः पोळलेली आहे. आमच्या घरचा टीव्ही आला तेव्हा संध्याकाळ होती. आणणाऱ्या मुलांनी खोका दारात ठेवला, सही घेतली आणि गेले. बसवणारा माणूस तीन दिवसांनी आला, त्याने खोका उघडला तर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर. दुकानदार म्हणाला, तुम्ही सही केलीत. कंपनी म्हणाली, आपटून फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही. दुरुस्तीचा खर्च विचारला तर पॅनेलचीच किंमत नव्या टीव्हीच्या निम्म्याहून जास्त निघाली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, खोक्याचे आणि सहीच्या कागदाचे फोटो पाठवले, आणि दीड महिन्याने टीव्ही बदलून मिळाला. तो दीड महिना फार मनस्तापाचा गेला. तेव्हापासून मी सांगते : खोका बाहेरून चेपलेला आहे का ते बघा, उघडताना मोबाइलवर चित्रण चालू ठेवा, आणि बसवणाऱ्या माणसासमोरच उघडा. तालुक्याच्या गावी राहत असाल तर त्या कंपनीचा दुरुस्तीवाला तुमच्या पिनकोडपर्यंत येतो का, हे विकत घेण्याआधी विचारा. माझ्या दृष्टीने हा प्रश्न पिक्सेलपेक्षा मोठा आहे.

वीज कमीजास्त होते म्हणून वेगळा स्टॅबिलायझर घ्यायची बहुतेकदा गरज नसते, आताचे संच १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतात. खरा धोका वळवाच्या पावसातल्या विजेचा. ती नुसती विजेच्या तारेतून येत नाही, गच्चीवरच्या छत्रीच्या वायरमधूनही येते. ढग गडगडायला लागले की प्लगबरोबर सेट टॉप बॉक्सची ती वायरही काढून ठेवावी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीकडे टीव्ही बसवायला माणूस आला. भिंतीवरचा ४३ इंची कागद तसाच होता, त्याने त्याच्याच कडा धरून पेन्सिलने खुणा केल्या आणि ड्रिल चालवलं. टीव्ही सुरू झाला तसा सगळा हॉल निळसर पांढऱ्या उजेडाने भरून गेला. टीव्ही कारखान्यातून येतो तो बहुधा दुकानात उठून दिसेल अशा बेताने लावलेला. सेटिंगमध्ये जाऊन आधी चित्राची पद्धत ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’वर नेली. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद केली, कारण तिच्यामुळे सिनेमाही मालिकेसारखा दिसायला लागतो. मग ‘स्क्रीन फिट’ लावलं, तेव्हा बातम्यांच्या पट्टीची कापली जाणारी खालची कड पूर्ण दिसू लागली. मावशी म्हणाली, “पिवळट नाही का वाटत गं?” तिला म्हटलं, दोन दिवस असंच राहू दे, नाही आवडलं तर पूर्वीसारखं करून देते.

चौथ्या दिवशी गेले तेव्हा क्रिकेटचा सामना चालू होता. काका दिवाणावर कुशीवर होते. मावशी स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून मेथी निवडत होती, पडदा तिला पार तिरका पडत होता. “काय झालाय स्कोअर?” मी चपला काढता काढता विचारलं. हातातली जुडी खाली न ठेवता तिने तिथूनच पट्टीवरचे आकडे वाचून दाखवले.